ओल्या डोक्याची शाळा

मार्च संपत आला की आमची शाळा सकाळची व्हायची, आणि सुटायच्या वेळेला ऊन नेमकं टाळूवर आलेलं असायचं. फाटकाच्या आत, कडुनिंबाखाली, अर्धा जमिनीत पुरलेला एक रांजण होता. घंटा झाली की सिस्टर त्रेसिया बाह्या कोपरापर्यंत सारून त्या रांजणाशी उभ्या राहायच्या, हातात पितळी लोटा. कोरडं डोकं घेऊन फाटकाबाहेर जायची कोणाची टाप नव्हती. पहिलीतलं पोर असो की दहावीतला मिसरूड फुटलेला गडी, मान खाली घालायची, लोटाभर पाणी टाळूवर घ्यायचं आणि मगच घर गाठायचं.

"डोकं खाली कर बे! लाजून काऊन राह्यला? हळद लावून राह्यली काय मी तुले?"

आम्ही मुली कुरकुरायचो. सकाळी आईनं चापूनचोपून घातलेल्या वेण्या, त्यांच्या रिबिनी, सगळं पाण्यात जायचं. सिस्टर म्हणायच्या, "वेनी वाळते वं पोरी. डोकं फिरलं तं मंग वाळवत बसशीन काय?" मुलांची गंमत वेगळी. ती एकदा भिजून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. सिस्टर नेमक्या ओळखायच्या. "तू झाला ना रे मंघाशी? आता काय साबन पन आनू?"

गावात उन्हाच्या वेळी ओल्या डोक्याचं पोर दिसलं की ते कॉन्व्हेंटचं, हे किराणा दुकानदारालाही ठाऊक होतं. आमच्या शाळेला संताचं चांगलं लांबलचक नाव आहे, पण गावात कोणी ते घेतलं नाही. कॉन्व्हेंट म्हणजे कॉन्व्हेंट. नांदुऱ्याकडून खामगावला जाताना आमचं गाव लागतं. कोणी मुद्दाम उतरावं असं तिथं काही नाही, कापसाच्या दिवसांत तेवढी गर्दी असते.

सिस्टर त्रेसिया केरळच्या. ऐन तरुणपणी त्या एका वयस्कर सिस्टरबरोबर इथे आल्या तेव्हा शाळा नव्हतीच. एका मुसलमान शेठनं आपल्या बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम वापरायला दिलं आणि तिथे पहिलीचा वर्ग सुरू झाला. भिंतींना सरकीचा वास होता. वाऱ्याची झुळूक आली की वरच्या वाशांतला जुना कापूस पोरांच्या डोक्यावर उतरायचा. लोक बाहेरून डोकावून बघायचे आणि एकमेकांना विचारायचे, या पांढऱ्या लुगड्यातल्या बायांना इथे काय मिळणार? थोरामोठ्यांनी शंका काढली की पोरं बाटवतील, आणि मी शाळेत जायच्या वयाची झाले तरी ती शंका गेली नव्हती. पंचायत समितीत कारकून असलेल्या माझ्या वडिलांना मात्र इंग्रजीचं वेड होतं. त्यांनी मला घातलं, पण आजीनं पहिल्याच दिवशी माझ्या दप्तरात तुळशीचं पान टाकलं. असू द्यावं जवळ, म्हणे.

ते पान सिस्टरांना दिसलं. मी घाबरले. त्यांनी ते उचलून बघितलं, वास घेतला आणि परत ठेवलं. "आजीले सांग, पान रोज नवं टाकजा. हे वाळलं, पुस्तकात चुरून राह्यलं." आजीला मी तसंच सांगितलं. त्यावर तिनं दप्तरात पान टाकणंच सोडून दिलं. ती म्हणाली, त्या बाईचं काही भ्या नाही.

आता त्यांच्या भाषेबद्दल. सिस्टर येताना मराठीचं एक पुस्तक शिकून आल्या होत्या. त्या पुस्तकाचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. त्यांची खरी शिक्षिका म्हणजे कौसाबाई. कौसाबाई शाळेची मावशी. झाडणं, घंटा देणं, पोरांची नाकं पुसणं हे सगळं तिच्याकडे. दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. रांजण भरता भरता, शेंगा सोलता सोलता सिस्टरांनी तिच्या तोंडून भाषा उचलली. त्यामुळे झालं असं की आमच्या इंग्रजी शाळेच्या सिस्टर अस्सल वऱ्हाडी बोलायच्या, तीही बायांची, फक्त त्यातला 'र' जरा जास्त थरथरायचा. बुलढाण्याहून तपासणीला साहेब आले तर त्या म्हणायच्या, "या साहेब, बसा. कौसा चहा मांडून राह्यली." साहेब आधी गोंधळायचे, मग मोकळे व्हायचे.

पुण्याकडच्या एक बाई मराठी शिकवायला वर्षभर आमच्याकडे होत्या. सिस्टर बोलल्या की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा सिस्टरांच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुमची मराठी इस्त्रीची हाय. माही रोजच्या वापराची. फाटली तं शिवून घेते." वर्गात नियम असा की इंग्रजीच बोलायचं. मैदानावर मात्र त्यांनीच तो नियम मोडून टाकला होता. त्या म्हणायच्या, पडल्यावर 'आई वं' हेच तोंडून निघते, तिथं इंग्रजी कायले पाह्यजे?

डोक्यावर पाणी टाकण्याची चालसुद्धा कौसाबाईचीच. ती गोष्ट सिस्टर दर वर्षी सकाळच्या शाळेच्या पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर सांगायच्या. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या मुलं गोळा करायला आसपासच्या वस्त्यांवर पायी गेल्या होत्या. बरोबर कौसाबाई. केरळात ऊन असतं, पण घाम येतो. इथली झळ घामच येऊ देत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. परतताना शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच त्या कोसळल्या. कौसाबाईनं त्यांना फरपटत विहिरीपाशी नेलं, डोक्यावरचं पांढरं वस्त्र सरळ ओढून काढलं आणि बादलीवर बादली टाळूवर ओतली. मग ऊन लागू नये म्हणून कमरेला खोचलेला कांदा दगडानं ठेचून नाकाशी धरला.

"या कौसानं माह्या डोक्यावर पानी टाकलं म्हनून मी आज तुमच्यापुढं उभी हाओ," सिस्टर सांगायच्या. मागून कौसाबाई हमखास ओरडायची, "अन् किती जड होती हे बाई! वढता वढता माहाच जीव चालला होता." सगळी शाळा खिदळायची. त्या उन्हाळ्यापासून रांजण आला आणि लोटा आला. पोरं दूरदूरून पायी यायची. सिस्टर म्हणायच्या, जे आपल्यावर झालं ते पोरायवर काऊन होऊ द्यायचं?

आमच्या वर्गात संजय होता. अभ्यासात बेताचा, पण क्रिकेटमध्ये अख्ख्या शाळेचा. नाताळात शाळेच्या व्हरांड्यात गव्हाणी मांडायचे. गवत, मेंढरं, मातीचे मेंढपाळ, मधे बाळ येशू. एका वर्षी संजयनं असा फटका मारला की चेंडू थेट गव्हाणीत, आणि एका मेंढपाळाचे तुकडे. कोणी बघितलं नव्हतं. संजयनं काय करावं? घरी जाऊन पोळ्याचा मातीचा बैल आणला, शिंगं रंगवलेला, झूल घातलेला, आणि मेंढपाळाच्या जागी उभा करून दिला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सिस्टरांनी एवढंच विचारलं, "बैल कोनाचा हाय?" संजयनं हात वर केला.

"गोठ्यात बैल पाह्यजेच ना," सिस्टर म्हणाल्या. "इतक्या वर्सांपासून आमच्या कोनाच्या डोक्यात कसं नाई आलं?" आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे आम्ही सगळे आजही आमच्या पोरांना ऐकवतो. "चूक सांगतली तं एक. लपवली तं दोन. दुसऱ्याच्या नावावर टाकली तं मोजूच नको." तो बैल पुढे दर नाताळात गव्हाणीत उभा राहिला. संजय त्याच्याकडे बोट दाखवून नव्या पोरांना सांगायचा, हा आपला.

परीक्षेच्या दिवसांत त्यांचं एक ठरलेलं बोलणं असायचं. "नापास होनं म्हंजे मरनं नाई. मेलेला पोरगा पुन्हा परीक्षेले बसते काय? मंग?" हे 'मंग' त्या अशा सुरात म्हणायच्या की पुढे बोलायला काही उरायचं नाही. आमच्याकडच्या दहावीच्या निकालानंतरच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना कळेल, त्या असं का म्हणायच्या ते.

मी दहावीत असताना माझे वडील गेले. सिस्टर आमच्या घरी आल्या आणि आईजवळ जमिनीवर बसून राहिल्या. देवाचं नाव काढलं नाही, धीर धरा म्हणाल्या नाहीत. आईनं रडायचं थांबवल्यावर त्यांनी कोपऱ्यातलं पाणी तिला दिलं आणि मला म्हणाल्या, "मीने, तेरवी झाली का येजो. बाबाले इंग्रजीची हौस होती ना? मंग?" मी गेले. शिकले, बी.एड. केलं आणि त्याच शाळेत समाजशास्त्र शिकवायला लागले. आज ज्या वर्गात मी फळ्यासमोर उभी राहते त्याच्या तिसऱ्या बाकावर माझं नाव कर्कटकानं कोरलेलं आहे.

सिस्टर पुढे कामातून निवृत्त झाल्या. त्यांच्या संस्थेत म्हाताऱ्या सिस्टरांना परत आपल्या भागात पाठवायची रीत आहे, पण त्यांनी वरिष्ठांकडे हट्ट धरून इथेच राहायची परवानगी मिळवली. आवाराच्या मागच्या बाजूला, बोरीच्या झाडाशी, त्यांच्याबरोबर आलेल्या मोठ्या सिस्टरांची कबर आहे. तिच्याशेजारची जागा त्या रोज झाडून काढायच्या. मी एकदा चिडले, आतापासून कशाला ते? तर म्हणाल्या, "आपल्या जागेवर आपनच झाडू माराव, मीने. मले इथंच टाकजा. ही काळी माती मोठी चिकट. एकदा पाय रुतला का सोडत नाई." त्यांना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. रोज सकाळी व्हरांड्यात बसून लहान वर्गांना वाचायला शिकवायचं आणि उन्हाळ्यात रांजणाशी उभं राहायचं, आणि शेवटी त्या बोरीखाली जायचं. एवढंही आम्ही त्यांना मिळू दिलं नाही.

गेल्या काही वर्षांत गाव बदललं. पायी येणारी पोरं कमी झाली, स्कूल बस आल्या. कौसाबाईचा नातूच त्यातली एक बस चालवतो. बदली होऊन आलेली, बाहेरची माणसं वाढली. त्यांच्यापैकीच एका पालकानं, मुलीला न्यायला लवकर आला असताना, फाटकाबाहेरून मोबाईलवर चित्रण केलं. पांढऱ्या वस्त्रातली म्हातारी सिस्टर, समोर मान खाली घातलेल्या पोरांची रांग आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पडणारं पाणी. सिस्टरांचे ओठ हलत होते. आवाज आलेला नव्हता. त्या काय म्हणत असणार हे आम्हाला बरोबर माहीत होतं. "हल बे, पुढं सरक." पण पाहणाऱ्याला ती प्रार्थना वाटली. त्यानं खाली लिहिलं की शाळेत मुलांचा बाप्तिस्मा चालला आहे, आणि दिलं पाठवून.

त्या माणसाला मी फार दोष देत नाही. तो नवा होता, त्याच्या पोरीची त्याला काळजी वाटली. त्याच्या जागी मी असते तर मीही चमकले असते. पण ते चित्रण फिरत फिरत आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आलं. तिथे सगळी आमचीच माणसं, प्रत्येकाचं डोकं त्या लोट्याखालून गेलेलं. मी लिहिलं, अरे, हे ऊन लागू नये म्हणून आहे, सांगा कोणीतरी. कोणी काही लिहिलं नाही. एकानं अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि थोड्या वेळानं तोही काढून घेतला. मला खासगीत मात्र बऱ्याच जणांनी लिहिलं. मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण सध्या वातावरण तसं आहे. वातावरण! जणू ते कुठून तरी आभाळातून आलं होतं आणि आम्ही त्यात कोणीच नव्हतो.

शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. संजय पालक संघाचा उपाध्यक्ष. आता त्याचं कृषी केंद्र आहे, गावात वजन आहे, मुलगी आमच्याकडे सातवीत. तो पहिल्या रांगेत बसला होता. हॉल गच्च भरलेला. मी नजर फिरवली तर अर्धे चेहरे ओळखीचे. कोणी माझ्या मागेपुढे शिकलेले, काही तर माझेच विद्यार्थी.

मी उठले. म्हटलं, "माझ्या डोक्यावर सिस्टरांनी दहा वर्षं पाणी टाकलं आहे. मी दर वर्षी घरी गणपती बसवते. मी बाटले का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "ऐका! म्हंजे हे आजचं नाही, पहिल्यापासूनच चालू हाय!" टाळ्या पडल्या. दुसरा म्हणाला, "मॅडमले पगार तिथूनच भेटते, त्या दुसरं काय बोलतीन?" हशा झाला. सिस्टरांची बाजू घ्यायला उभी राहिलेली मी, माझंच बोलणं त्यांच्याविरुद्ध पुरावा झालं. मी संजयकडे बघितलं. तो बैलाची गोष्ट सांगू शकला असता. नुसता उठून 'माझ्यापण डोक्यावर टाकलंय' एवढंच म्हणाला असता तरी दहा जण उठले असते, मला खात्री आहे. तो मोबाईलमध्ये बघत होता. मी खाली बसले.

मग सिस्टर उठल्या. मला वाटलं, आता त्या कौसाबाईची गोष्ट सांगतील. तो धुरा, ती विहीर, तो कांदा. एका हिंदू बाईनं यांच्या डोक्यावर पाणी टाकलं तेव्हा या काय हिंदू झाल्या? एवढं म्हटलं की संपलंच सगळं. मी अक्षरशः वाट बघत होते.

त्यांनी हात जोडले. "पोरायच्या डोक्यावर पानी टाकाले मायबापाले विचारा लागते हे माह्या ध्यानात नाई आलं. मी विचारलं नाई. चूक माही हाय. माफ करा मले."

ज्यांना भांडायचं होतं त्यांनाही काय करावं कळेना. तेवढ्यात संजय उठला. मला एक क्षण वाटलं, उठला बुवा. तो मऊ आवाजात म्हणाला, "सिस्टर, एकदा पुन्हा बोला. रेकॉर्डिंग नाही झालं. ग्रुपवर टाकतो, म्हणजे मिटून जाईल सगळं." त्याला खरंच मिटवायचं होतं, हे मला आजही वाटतं. त्यानं मोबाईल समोर धरला. सिस्टरांनी डोक्यावरचं वस्त्र नीट केलं, पुन्हा हात जोडले आणि तेच सगळं पुन्हा म्हटलं. त्यानं सांगितलं म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं. आणि आम्ही सगळे, त्यांनी शिकवलेले, बसून ते बघत राहिलो.

सभा पांगल्यावर मी व्हरांड्यात त्यांच्याजवळ गेले. रागानं माझे डोळे भरले होते. म्हटलं, "कौसाबाईचं का नाही सांगितलं?"

"सभेत कौसाचं नाव घेऊ? येडी हायेस काय वं?" त्या म्हणाल्या. "उद्या लोकं तिच्या दारात उभे राह्यतीन. इचारतीन, तूच शिकोलं काय? तिचा नातू आपली बस चालोते. त्यायले इथं राहाचं हाय, मीने. माहं काय, मी बाहेरची."

बाहेरची. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आपलं गाव एखाद्या माणसाला इतक्या उशिरा हा शब्द शिकवू शकतं, याची मला इतकी लाज वाटली की मी तिथे बसूही शकले नाही. काहीतरी काम आठवल्याचं सांगून निघाले.

महिनाभरात वरून आदेश आला, सिस्टर त्रेसियांनी केरळला परतावं. त्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि शाळेच्या भल्यासाठी. दोन्ही कारणं खरीच होती. नव्या प्रिन्सिपल सिस्टर तरुण आहेत, भल्या आहेत, पण घाबरून गेल्या होत्या. त्यांनी रांजण जमिनीतून उकरून काढून पाण्याच्या टाकीमागे ठेवला आणि सगळ्या शिक्षकांना बजावलं की यापुढे कोणत्याही कारणानं मुलांना हात लावायचा नाही. पडलं, लागलं, रडलं तरी आधी ऑफिसात कळवायचं, पालकांना फोन करायचा, मग पुढचं.

स्टेशनावर आम्ही मोजके लोक होतो. कौसाबाईला नातवानं मोटरसायकलवर आणलं होतं. ती आता पार वाकली आहे, कानानंही कमी ऐकते. सभेचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. सिस्टरांनीच तशी ताकीद दिली होती. तिला वाटत होतं, सिस्टर आजारी भावाला भेटायला चालल्यात.

"भावाले भेटलं का लवकर येजा," कौसाबाई म्हणाली. "तिकडंच नको बसजा. तुमच्याबिगर मले करमत नाई."

"येते ना वं," सिस्टर म्हणाल्या. "कुठं जाऊन राह्यली मी?" त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. त्या कौसाबाईकडे बघत होत्या.

या हिवाळ्यात त्या गेल्या. निरोप ग्रुपवर आला आणि ज्या ग्रुपवर तेव्हा एक अक्षर उमटलं नव्हतं, तिथे दिवसभर भावपूर्ण श्रद्धांजल्यांचा पूर आला. आमच्या घडणीत सिस्टरांचा वाटा, आमची दुसरी आई, संस्कारांची शिदोरी. संजयनं जुना फोटो स्टेटसला ठेवला. मीही हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. दुसरं काय टाकणार होते? आणि आम्ही त्यांना कुठल्या मातीत पाठवलं, हे कोणी लिहिलं नाही. मीही नाही.

कौसाबाईला सांगायला मी गेले. तिला दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. मग ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "तिले इथं आनाले पाह्यजे होतं. ते बोरीखालची जागा तिनं धरून ठेवली होती ना?" मी म्हटलं, फार लांब आहे, आजी. लांब आहे हे खोटं नाही. पण ते कारणही नव्हतं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. क्रीडा दिनाचा सराव चालला होता. दुसरीतली एक मुलगी धावताना तोंडावर आपटली. ओठ फाटला, रक्त आलं, हनुवटीला माती. ती 'आई वं' म्हणून किंचाळली आणि सर्वांत जवळ उभी असलेली मी, माझ्याकडे तिनं दोन्ही हात वर केले.

मी तिला उचललं. उचललंच. पण त्याआधी मी मान वळवून फाटकाकडे बघितलं, बाहेर कोणाच्या हातात मोबाईल आहे का ते. फार तर दोन श्वास गेले असतील. तेवढा वेळ ती पोर तसेच हात वर करून थांबली होती.